रेशमाचा गुंता, बोथट सुई आणि पुरात भिजलेला टेबलक्लॉथ

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की तुमच्या भरतकामाच्या डब्यात काय काय असतं आणि कुठे अडतं ते कळवा. बडोद्यातल्या दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत इतक्या जणींनी लिहिलंय, आणि दोघा-तिघा पुरुषांनीसुद्धा लिहिलंय ज्याचा मला फार आनंद झाला, की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही. ज्यात बऱ्याच जणांची अडचण एकच आहे असे प्रश्न घेतलेत.

प्रश्न: सासूबाई गेल्यावर त्यांचं भरतकामाचं रेशीम माझ्याकडे आलं. लीलो चेवडोच्या (ओल्या चिवड्याच्या) मोठ्या डब्यात दीडशे तरी लड्या आहेत, सगळ्या एकमेकींत अडकलेल्या, नंबरच्या पट्ट्या निम्म्या गळून पडल्यात. टाकवत नाही आणि वापरताही येत नाही. कुठून सुरू करू? (कारेलीबाग)

टाकू नकाच. पण पहिलं काम म्हणजे तो डबा बदला. चेवड्याचा डबा कितीही धुतला तरी प्लास्टिकमध्ये तेल आणि वास मुरलेला राहतो आणि रेशीम ते ओढून घेतं, मग पांढऱ्या कापडावर भरलं की दोन महिन्यांनी टाक्याभोवती पिवळट कड दिसते आणि आपल्याला कळत नाही हे कुठून आलं.

दुपारी जमिनीवर जुनी पांढरी चादर पसरा आणि सगळा ढीग त्यावर ओता. ज्या लड्यांना अजून पट्टी आहे त्या आधी बाजूला काढा आणि त्यांची पट्टी अजिबात काढू नका, कारण रेशमात दोऱ्याइतकाच महत्त्वाचा तो नंबर असतो, नंबर गेला की अर्धी लडी गेली असं मी मानते. मग गुंता. गुंता ओढून सुटत नाही, ओढलं की आतली गाठ दगड होते. दोन्ही हातांच्या बोटांनी तो कापूस पिंजल्यासारखा सैल करत जायचा, फुगवायचा, आणि बाहेरचा जो वेढा आपणहून वर येईल तो सोडवायचा. माझ्या आत्याच्या डब्यातली एक राणी रंगाची लडी सोडवायला मला दोन दुपारी लागल्या होत्या, शेवटी एकाच ठिकाणी कात्री लावली आणि त्यातून सहा-सात मीटर चांगला दोरा हाताशी आला. आजही त्यातला थोडा शिल्लक आहे.

सोडवल्यावर प्रत्येक रंगाचा एक पदर काढून दोन हातांत धरून झटका द्या. पटकन तुटला तर तो दोरा कुजलाय, वाईट वाटलं तरी काढून टाका, नाहीतर वर्षभर खपून भरलेलं फूल पहिल्या धुण्यात उसवेल. जो झटका सोसतो तो पुढे वीस वर्षं चालेल.

आता गुंडाळायचं कशावर. विकतचे प्लास्टिकचे बॉबिन चांगले आहेत पण दीडशे घ्यायची गरज नाही, शर्टाच्या पॅकिंगमधला जाड पुठ्ठा कापून दोन्ही बाजूंना खाच केली की झालं. लग्नपत्रिका बऱ्याच जणी वापरतात, पण ज्यावर सोनेरी छपाई असते ती नको, ते सोनेरी दोऱ्याला लागतं. गुंडाळताना ताणू नका, ताणलेल्या दोऱ्याला खाचेजवळ जी मोड पडते ती टाक्यात दिसते (पडलीच असेल तर ओल्या कपड्यातून दोरा एकदा ओढून घ्या, सरळ होतो). आणि रबरबँड कधीही लावू नका, आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात रबर वितळून दोऱ्याला असा चिकटतो की तो भाग कापूनच टाकावा लागतो. नंबर पेन्सिलीने लिहायचा. शाईने नाही, पेन्सिलीनेच. का ते शेवटच्या उत्तरात कळेल.

बिननंबराच्या लड्यांसाठी शेडकार्ड (दोऱ्याच्या रंगांचे नंबरवार नमुने) घेऊन सकाळी दहा-अकराला खिडकीजवळ बसा, ट्यूबलाइटखाली हिरवे आणि निळे हमखास चुकतात. जुळलं तरी कार्डावर नुसता नंबर लिहू नका, ‘जवळचा’ असं लिहा. आणि अशा लड्या लहान फुलापानांना वापरा, मोठ्या बॅकग्राउंडला घेऊ नका, कारण मधेच संपली की तोच रंग परत मिळणार नाही.

लावायचं रंगाने की नंबराने यावर खूप जणी विचारतात. रंगाने लावलेला डबा बघायला सुंदर दिसतो, पण चार सारखे हिरवे शेजारी ठेवले की नकाशात (टाक्यांच्या चौकटीदार आराखड्यात) मागितलेला कोणता ते शोधण्यातच संध्याकाळ जाते. मी नंबराने लावते. आणि सगळ्या नंबरांची यादी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा म्हणजे मंगळ बाजारात दुकानात उभं राहून आपल्याकडे काय आहे ते आठवत बसावं लागत नाही.

प्रश्न: नकाशात डीएमसी कंपनीच्या दोऱ्याचे नंबर आहेत, इथे मला अँकर कंपनीचा दोरा सहज मिळतो. चालेल का? (निझामपुरा)

चालेल. काळा डीएमसीचा ३१० तो अँकरचा ४०३, असे तक्ते मिळतात आणि बहुतेक ठिकाणी नीट जुळतात, पण तक्त्यात समोरासमोर लिहिलेले रंग दरवेळी हुबेहूब नसतात, विशेषतः त्वचेचे आणि फिकट राखाडी. म्हणून एक चित्र संपूर्ण एकाच कंपनीत करा. दोन्हींची लडी आठ मीटरची, सहा पदरी, त्यामुळे हिशोब बदलत नाही.

प्रश्न: क्रॉस स्टिच करताना माझा दोरा विसविशीत होतो, टाके एकसारखे दिसत नाहीत, आणि कधी कधी सुई कापडाच्या धाग्यातूनच घुसते. घरातली शिवणाची सुई वापरते. (वाघोडिया रोड)

तुमचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. फुलीच्या टाक्याला बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई लागते. तिचं नेढं लांबट आणि मोठं असतं म्हणून दोरा घासला जात नाही, आणि टोक बोथट म्हणून ती धाग्याला न फाडता विणीच्या भोकातूनच जाते. आयडा म्हणजे फुलीच्या टाक्याचं चौकोनी घरांचं कापड, आणि काउंट म्हणजे एका इंचात बसणारी घरं. १४ काउंटच्या आयडाला २४ नंबरची, १६ किंवा १८ ला २६ नंबरची, ११ ला २२ ची. नंबर वाढला की सुई बारीक होते. उलट साधं भरतकाम, म्हणजे साखळी टाका, काश्मिरी टाका, गाठीचा टाका, याला टोकदार एम्ब्रॉयडरी सुई हवी. दोन्ही एकाच पिनकुशनमध्ये ठेवल्या तरी चालेल पण बाजू ठरवून ठेवा.

दोरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत घ्या, साधारण ४५ सेंटीमीटर. लांब दोरा घेतला की परत ओवायचा वेळ वाचतो असं वाटतं, पण तोच दोरा कापडातून शंभर वेळा जाऊन शेवटी लव सुटते. आणि हे फार महत्त्वाचं आहे, दोन पदर हवे असले तरी सहातून दोन एकदम ओढू नका, एकेक पदर वेगळा ओढून मग दोन शेजारी ठेवा. पीळ मोकळा होतो आणि फुली भरदार बसते. दोऱ्याला पीळ चढला असं वाटलं की सुई सोडून द्या, कापड उलटं धरून ती लोंबकळू द्या, आपोआप गिरक्या घेऊन मोकळी होते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना हे बघायला फार आवडतं.

दोन पदरांची सुरुवात गाठीशिवाय कशी करायची हे अनेकींनी विचारलंय. एकच पदर दुप्पट लांब घ्या, मधोमध दुमडा, दोन्ही सुटी टोकं नेढ्यात ओवा. पहिला अर्धा टाका घालताना मागे जो फासा राहतो त्यातून सुई काढा आणि ओढा. बसलं. मागची बाजू सपाट राहते.

प्रश्न: कापड किती घ्यायचं हे दरवेळी चुकतं. (फतेहगंज)

नकाशातले टाके भागिले कापडाचा काउंट. ११२ बाय ८४ टाक्यांचा नकाशा १४ काउंटवर ८ बाय ६ इंच होतो, चारही बाजूंना ३-३ इंच फ्रेमिंगला सोडा म्हणजे १४ बाय १२ चा तुकडा कापा. मॅटीचं (जाड, घरं दिसणाऱ्या विणीचं) कापड घेणार असाल तर दुकानात पट्टी लावून एका इंचात किती घरं बसतात ते मोजा आणि मगच हिशोब करा, आडवी आणि उभी दोन्ही मोजा, मॅटीत कधी कधी थोडा फरक निघतो आणि मग गोल फूल लांबट होतं. सुरुवात करायच्या आधी कापडाच्या कडा हाताने गुंफून घ्या किंवा मशीनवर झिगझॅग मारा.

प्रश्न: रिंगमध्ये कापड सैल पडतं आणि काढल्यावर गोल ठसा राहतो, तो धुतला तरी जात नाही. (अकोटा)

आतल्या कड्याला सुती नाडी गुंडाळा. पांढरी, अर्धा इंच रुंद, तिरकी तिरकी एकमेकीवर थोडी चढवत पूर्ण वेढा घालायचा आणि शेवटचं टोक आतल्या बाजूला दोन टाके घालून बंद करायचं. एवढ्यानं कापड सरकत नाही, म्हणून स्क्रू जीव खाऊन आवळावा लागत नाही, आणि म्हणून ठसाही पडत नाही. माझी सहा इंचाची लाकडी रिंग याच नाडीवर कित्येक वर्षं चाललीय, नाडी मळली की बदलते. आणि उठताना रिंग काढायचीच. रात्रभर राहिली की कड्याखाली धूळ आणि हाताचा घाम मिळून जी रेघ बनते ती इस्त्री केल्यावर आणखी पक्की होते. त्याच कारणाने सुई कापडात खोचून ठेवू नका, पावसाळ्यात गंजते आणि गंजाचा डाग काढायला गेलं की दोऱ्याचा रंग जातो. सुईसाठी दोन छोटी लोहचुंबकं घ्या, एक कापडाच्या वर कोपऱ्यात, एक खाली, सुई तिथे चिकटवा.

नक्षी उतरवायला निळा पाण्याने जाणारा पेन वापरत असाल तर आधी साध्या थंड पाण्यात निळं पूर्ण घालवा आणि मगच इस्त्री, नाहीतर गरमीने ती रेघ कायमची बसते. इस्त्रीच्या गरमीने पुसली जाणारी पेनं मात्र भेट म्हणून कॅनडाला वगैरे पाठवायच्या कामाला नकोत, कडक थंडीत त्यांची रेघ परत दिसू शकते. आपल्याकडे बडोद्यात अर्ध्या घरांचं कोणी ना कोणी तिकडे आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

प्रश्न: काकू, मी २४ वर्षांचा आहे, रोज बडोदा-अहमदाबाद अपडाऊन करतो आणि ट्रेनमध्ये क्रॉस स्टिच सुरू केलंय. बॅगेत काय ठेवू? सामान सांडतं, सुया हरवतात. (मांजलपूर)

वाचून खूप बरं वाटलं बाळा. अगदी कमी ठेव. एक चपटा पत्र्याचा डबा, पत्र्याचाच, कारण झाकणाला आतून चुंबक लावलं की सुया तिथेच राहतात. दोनच सुया ठेव आणि उतरायच्या आधी दोन मोज, शेजारच्या सीटवर लहान मूल बसलेलं असतं. छोटी कात्री, टोकाला टोपी घालून आणि लांब लाल रिबीन बांधून, म्हणजे पडली तरी दिसते. त्या आठवड्याला लागणारे चार-पाच रंग, बाकीचे घरी. कापलेल्या दोऱ्याचे तुकडे टाकायला झाकणाची एक छोटी डबी.

नकाशाची मूळ प्रत कधीही प्रवासात नेऊ नको, झेरॉक्स ने आणि झालेली घरं पेन्सिलीने खोडत जा. आणि घरी असताना कापडावर दर दहा घरांनी एक धावदोरा घालून ठेव, गुळगुळीत पॉलिस्टरच्या दोऱ्याने, गडद पण रंग न सोडणारा. गाडीत धक्का बसला, कोणी तिकीट विचारलं, मोजणी चुकली तरी दहाच्या पुढे चूक जात नाही. माझ्या मते हा धावदोरा म्हणजे क्रॉस स्टिचमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, कुठल्याही विकतच्या साधनापेक्षा. तो घालायला एक संध्याकाळ जाते पण नंतर दहा मिनिटं मिळाली तरी डबा उघडून बसता येतं, कुठे होतो ते शोधावं लागत नाही. ज्यांची कामं वर्षानुवर्षं कपाटात अर्धी पडून असतात त्यांची बहुतेकदा हौस संपलेली नसते, आपण नेमके कुठे थांबलो होतो हे त्यांना परत सापडत नाही एवढंच. म्हणून थांबताना एक चिठ्ठी पण ठेव, कुठला रंग, कितवी ओळ.

प्रश्न: वय ७१. हात चालतात पण सुईत दोरा ओवता येत नाही आणि काळ्या कापडावर तर काहीच दिसत नाही. मुलगी म्हणते आता सोड. (दांडिया बाजार)

सोडू नका. आधी डोळे तपासून घ्या, चष्म्याचा नंबर बदललेला असू शकतो, आणि डॉक्टरांना सांगा की मला एवढ्या अंतरावर बघायचंय, हाताने अंतर दाखवा. वाचायचा चष्मा आणि भरतकामाचा चष्मा यांचं अंतर वेगळं असतं.

ओवण्यासाठी तारेचा ओवणीयंत्र मिळतो, तो पटकन मोडतो म्हणून पाच घेऊन ठेवा. नसेल तर कागदाचा नेढ्यात जाईल एवढा बारीक तुकडा दुमडा, त्या घडीत दोऱ्याचं टोक ठेवा आणि कागदच नेढ्यातून पार करा. किंवा नातवाला सकाळी दहा सुया दहा रंगांनी ओवून पिनकुशनमध्ये लावून द्यायला सांगा. माझी आई तसंच करायची, शाळेत जायच्या आधी माझं ते काम असायचं.

प्रकाश. उजव्या हाताने काम करत असाल तर दिवा डाव्या खांद्याकडून यायला हवा म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. पांढऱ्या प्रकाशाचा बल्ब घ्या, पिवळा नको. आणि काळ्या कापडासाठी मांडीवर पांढरा टॉवेल पसरा, खालचं पांढरं भोकाभोकातून दिसतं आणि घरं मोजता येतात. एवढ्याने सुद्धा बराच फरक पडेल. तरी त्रास होत असेल तर ११ काउंट घ्या, तीन पदर घ्या, चित्र थोडं मोठं होईल, भिंतीवर उलट छान दिसेल.

प्रश्न: नवरात्रीच्या चणिया-चोळीवर आभले (आरशाचे छोटे तुकडे) आणि मोती लावतेय. आभल्याची कड दोरा कापते. (रावपुरा)

आभल्याची कड बारीक पॉलिश पेपरवर दोनदा फिरवा, हातात जाड कपडा धरून. मग उभे-आडवे पायाचे टाके घट्ट घालून त्यांच्यावर काजाचा टाका. मोत्यांना वेगळी बारीक सुई आणि मजबूत दोरा, आणि दर पाच-सहा मोत्यांनंतर मागे एक गाठ, म्हणजे गरब्यात एक तुटला तर सगळी ओळ जात नाही. कापडाला मागून अस्तर द्या. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास बडोद्यात जो मोत्यांचा गालिचा करवून घेतला त्याचा पाया रेशीम आणि हरणाच्या कातड्याचा होता, मोत्याच्या वजनाखाली नुसतं पातळ कापड झोळ धरतं.

प्रश्न: ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आमच्या तळमजल्यावर आलं. आईने भरलेला पांढरा टेबलक्लॉथ कपाटात खालच्या कप्प्यात होता. चिखल वाळून गेला आणि लाल फुलांचा रंग पसरून भोवती गुलाबी झालंय. आम्ही धुतला नाही, भीती वाटते. माझ्या रेशमाच्या डब्यातल्या कार्डांवरचे शाईचे नंबरही सगळे पुसले गेले. (समा)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. धुतला नाही, आणि मुख्य म्हणजे इस्त्री केली नाही हे फार चांगलं झालं.

आधी बघा त्यात जरीचा दोरा कुठे आहे का. जरीचा दोरा किंवा खरं रेशीम असेल तर पाण्यात घालू नका, जाणकाराला दाखवा. सगळं सुती असेल तर पुढचं करा. वाळलेला चिखल मऊ ब्रशने कोरडाच झटका, उलट्या बाजूनेही. मग मोठ्या टबमध्ये भरपूर पाणी, भरपूर म्हणजे कापड मोकळं तरंगलं पाहिजे, त्यात थोडासा सौम्य लिक्विड साबण. कापड दुमडलेलं, एकावर एक पडलेलं नको. घासायचं नाही, पिळायचं नाही. पाणी गुलाबी झालं की बदला. पुन्हा गुलाबी झालं की पुन्हा बदला. हे एक दिवस-रात्र चालू शकतं. सुटलेला रंग पाण्यात गेला पाहिजे, कापडावर परत बसता कामा नये, म्हणून मधे वाळू द्यायचं नाही हा एकच नियम. ब्लीच अजिबात नको, त्याने गुलाबी जाईल पण फुलंही जातील. पाणी स्वच्छ राहायला लागलं की टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी टिपा आणि सावलीत आडवं पसरा.

वर्षं लोटल्यामुळे सगळं निघेल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, पण पुष्कळ फिकं होईल. उरलेल्या गुलाबीवर नवीन पानं किंवा बारीक डहाळी भरता येते.

नवीन काम सुरू करताना लाल, मरून आणि गडद निळा आधी तपासायचे, दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कपड्यात दाबून अर्धा तास ठेवा, डाग आला तर तो रंग आधी धुऊन घ्या. रेशमाच्या कार्डांचं म्हणाल तर पेन्सिलीचा नंबर पाण्याने पसरत नाही, आता वरच्या कारेलीबागच्या ताईंना मी पेन्सिल का म्हटलं ते कळलं असेल. डबा तळमजल्यावर असेल तर कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत. भरलेली कापडं घडी घालून नको, जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून नळीवर.

तो टेबलक्लॉथ दुरुस्त करताना आईचे जे टाके उसवावे लागतील त्यातला एक-एक पदर कागदावर चिकटवून ठेवा, मागच्या बाजूचा, जिथे ऊन लागलेलं नाही. दुकानात शेड जुळवायला तोच न्यावा लागेल.